मानाझुरू : नाही म्हणणाऱ्या गावाचा किनारा

टोकियो स्थानकावरून तोकाइदो मार्गाची साधी गाडी अतामीच्या दिशेने निघते. डब्यातले सहलीचे लोक कामाकुराच्या फाट्याला उतरतात, नाहीतर हाकोनेसाठी ओदावाराला. उरलेले थेट अतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांकडे. टोकियोतल्या निशी-कासाईत राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे भारतातून पाहुणे आले की त्यांनाही याच ठिकाणी नेण्याची रीत आहे. ओदावारानंतरच्या तिसऱ्या स्थानकावर, मानाझुरूला, सहसा कोणी उतरत नाही. टोकियोपासून अंतर दीड तासाच्या आसपास, तिकीट साधे, आरक्षणाची भानगड नाही. सकाळी निघून रात्री घरी जेवायला परतता येईल असा हा द्वीपकल्प आहे.

ओदावारा सुटल्यावर डाव्या बाजूची खिडकी धरावी. डोंगर थेट समुद्रात उतरतो आणि रूळ त्याच्या कमरेवरून जातात. ही वाट सोपी कधीच नव्हती. १८९६ साली ओदावारा ते अतामी अशी चक्क माणसांनी ढकलायची रेल्वे इथे सुरू झाली. सहा-आठ प्रवासी बसतील एवढा छोटा डबा आणि मागून ढकलणारे गडी. पंचवीसेक किलोमीटरला चार तास लागत. चढ आला की पहिल्या वर्गाने बसून राहायचे, दुसऱ्याने उतरून चालायचे आणि तिसऱ्याने डब्याला हात लावायचा, असे सांगतात. पुढे वाफेचे छोटे इंजिन आले आणि १९२२च्या डिसेंबरात मोठ्या रेल्वेचे मानाझुरू स्थानक उघडले. त्याला वर्षही झाले नव्हते, तोच १ सप्टेंबर १९२३ रोजी कान्तोचा महाभूकंप झाला. अलीकडच्या नेबुकावा स्थानकावर दरड कोसळली आणि फलाटावर येत असलेली गाडी प्रवाशांसकट समुद्रात गेली. शंभरावर माणसे दगावली. आज त्याच नेबुकावाच्या फलाटावरून निळ्याशार सागामी उपसागराचे फोटो काढले जातात.

मानाझुरूचे स्थानक उंचावर आहे. गाव तिथून उतरत उतरत बंदरापर्यंत जाते आणि बंदराच्या पलीकडे जमिनीची एक चिंचोळी जीभ समुद्रात शिरते. लांबी जेमतेम तीन किलोमीटर. हाकोनेच्या ज्वालामुखीतून सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी आलेल्या लाव्ह्याची ही जमीन आहे. सगळी नगरपालिकाच मुळी सात चौरस किलोमीटरची. कानागावा प्रांताच्या नकाशावर ती शोधावी लागते.

एका दिवसात हे पाहायचे तर क्रम ओहोटी ठरवते. बस टोकाशी वीसेक मिनिटांत पोहोचते, पण फेऱ्या मोजक्या असतात. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या रात्रीच बघून ठेवाव्यात आणि आधी टोक गाठावे.

टोकावर पायऱ्या उतरून खाली गेले की वाळू नाहीच. डोक्याएवढे, कलिंगडाएवढे, कुठे पोत्याएवढे गुळगुळीत दगड. त्यांच्यापुढे समुद्रात उभे असलेले मित्सुइशी, म्हणजे तीन खडक. दोन मोठ्या खडकांना जोडून भाताच्या काडाचा पवित्र दोर बांधलेला आहे. शिंतो देवळाच्या दारी असतो तोच. नववर्षाच्या सुमारास सूर्य या खडकांमधून उगवताना दिसतो, म्हणून पहाटे गर्दी होते. एरवी दुपारी इथे गळ टाकून बसलेले दोन-चार म्हातारे आणि डबक्यांत खेकडे शोधणारी शाळकरी मुले. ओहोटी पूर्ण असेल तर दगडांवरून तोल सांभाळत खडकांच्या पायथ्यापर्यंत जाता येते. शेवाळ निसरडे असते आणि परतीचे पाणी बोलावल्यासारखे पटकन येते, तेव्हा घड्याळावर लक्ष हवे. कवयित्री योसानो आकिको यांची एक कविता इथे दगडात कोरलेली आहे. उजवीकडे इझूचा किनारा, डावीकडे सागामीचा. मध्ये हे टोक. पाणी किनाऱ्यापासून लवकर खोल होत जाते. सागामी उपसागराची खोली हजार मीटरच्या पुढे जाते, आणि वरून वाहणाऱ्या कुरोशिओ या उबदार प्रवाहाची एक शाखा आत वळते. थंड खोल पाणी आणि उबदार उथळ पाणी इतके जवळ असल्याने इथे माशांच्या जाती भरपूर. टोकावरच्या विश्रामगृहात शंखशिंपल्यांचे छोटे संग्रहालय आहे. तिथे या किनाऱ्याच्या पोटात काय काय आहे याचा अंदाज येतो.

इथून परत फिरताना बस न घेता चालावे. कारण मानाझुरूची खरी गोष्ट जंगलात सुरू होते.

गावकरी या जंगलाला ओहायाशी म्हणतात. आदरार्थी उपपद लावून, जसे आपण देवाच्या रानाबद्दल बोलू तसे. आत शिरताच प्रकाश हिरवा होतो. काळ्या पाइनचे सरळ, खवल्यांसारख्या सालीचे खांब, त्यांच्याखाली कापराची आणि सुदाजी या सदाहरित झाडाची दाटी. काही पाइन वृक्षांचे वय साडेतीनशे वर्षांच्या घरात आहे. पाहणाऱ्याला वाटते की हे आदिम अरण्य असणार. प्रत्यक्षात ही लागवड आहे. १६५७ साली एदो शहर, म्हणजे आजचे टोकियो, आगीत जवळपास भस्मसात झाले. शहर पुन्हा उभे करायला लाकूड हवे होते. शोगुनच्या हुकुमावरून ओदावाराच्या जहागिरीने १६६१पासून तीन वर्षांत या उघड्या टोकावर दीड लाख पाइनची रोपे लावली. म्हणजे जंगलाचा पहिला हेतू इमारती लाकूड.

मेजी काळात ते राजघराण्याच्या मालकीचे झाले. १८९७च्या वनकायद्यात जपानने राखीव जंगलांचे प्रकार ठरवले आणि त्यांत एक प्रकार माशांसाठी राखायच्या जंगलाचा होता. १९०४ साली ओहायाशीला तो दर्जा मिळाला. जंगलाचा आणि माशांचा संबंध कोळ्यांना कायद्याच्या कितीतरी आधी माहीत होता. झाडांची सावली किनाऱ्यालगतच्या पाण्यावर पडते, फांद्यांवरचे किडे पाण्यात गळतात, कुजलेल्या पाल्यातून झिरपलेले पाणी पोषक द्रव्ये घेऊन समुद्रात उतरते, मुळांमुळे माती वाहून जात नाही आणि पाणी गढूळ होत नाही. यातला कोणता घटक किती परिणाम करतो हा अभ्यासकांच्या वादाचा विषय असू शकतो. मानाझुरूच्या कोळ्यांनी मात्र निष्कर्ष काढून ठेवला होता: झाड तोडले की जाळे हलके होते. १९५२ साली जंगल नगरपालिकेकडे आले आणि दोन वर्षांनी द्वीपकल्प प्रांतिक निसर्गोद्यान झाला.

आज जंगलापुढे दोन अडचणी आहेत. पाइनला सूत्रकृमीचा रोग लागतो, जो भुंग्यासारखा एक किडा झाडाझाडांत पसरवतो. शिवाय पाइनला ऊन लागते आणि कापूर-सुदाजीच्या दाट सावलीत त्याची नवी रोपे धरत नाहीत. माणसाने हात न लावता सोडले तर हे जंगल हळूहळू दुसरेच जंगल होईल. पाइनचे ओहायाशी हवे असेल तर पुन्हा लावावे लागेल, औषध द्यावे लागेल, खर्च करावा लागेल.

जंगलातून गावाकडे येणाऱ्या वाटेवर चित्रकार नाकागावा काझुमासा यांचे संग्रहालय लागते. हे गृहस्थ १८९३चे. चित्रकला कुणाकडे शिकले नाहीत. १९४९ साली त्यांनी मानाझुरूला चित्रशाळा थाटली आणि द्वीपकल्पाच्या पश्चिमेकडचे फुकुउरा बंदर वीसेक वर्षे रंगवले. तोच धक्का, त्याच होड्या, तीच चढणीवरची घरे. चित्रफलक घेऊन ते धक्क्यावर उभे राहायचे, वाऱ्यापावसातही. चित्रांत रंग जाड, थेट आणि काहीसा हट्टी दिसतो. १९७५ साली त्यांना जपानचा संस्कृती-सन्मान मिळाला, १९८९ साली नगरपालिकेने संग्रहालय उघडले आणि १९९१ साली, सत्त्याण्णव वर्षांचे असताना, ते गेले. वीस वर्षे एकच बंदर रंगवायला ते बंदर वीस वर्षे ओळखू येईल असे राहावे लागते. संग्रहालय उघडले त्याच सुमारास नेमका हाच प्रश्न गावापुढे उभा होता.

बंदरावर पोहोचेपर्यंत जेवणाची वेळ होते. इथली मासेमारी प्रामुख्याने स्थिर जाळ्यांची. ठरलेल्या जागी नांगरून ठेवलेले प्रचंड जाळे, मासा आपणहून आत येतो, पहाटे होड्या जाऊन ते उपसतात. आपल्याकडचे कोळी खुंटाला डोल लावतात, त्याच कुळातली ही पद्धत, फक्त इथे भरवसा भरतीच्या ओढीपेक्षा माशाच्या वाटेवर. अशा मासेमारीत समुद्राच्या मागे धावता येत नाही. किनारा बिघडला तर जाळे दुसरीकडे नेऊन सुटका होत नाही. म्हणून जंगल राखणे ही इथे भावनेपेक्षा धंद्याची गरज राहिली. पानात येतो तो आजी नावाचा मासा, बांगड्याची आठवण करून देणारा, कच्चा किंवा पोटातून उघडून, मिठाच्या पाण्यात बुडवून, वाऱ्यावर सुकवून भाजलेला. हिवाळ्यात चरबीने भरलेला बुरी असतो. सुक्या माशांची दुकाने बंदराजवळ पिढीजात आहेत. वास ओळखीचा येतो. मालवण-हर्णैच्या माणसाला तर घरचाच.

जेवण झाल्यावर स्थानकाकडे जाणारा मोठा रस्ता टाळावा आणि घराघरांमधून वर जाणाऱ्या पाणंदी धराव्यात. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे एवढ्या त्या अरुंद. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, त्यांवरून डोकावणारी संत्र्या-लिंबांची झाडे, कुणाच्या मागच्या दारातली कपडे वाळत घालायची दांडी, मध्येच चार पायऱ्या, मध्येच एक बाक आणि अचानक समोर समुद्र. गडग्यांचा दगड इथलाच, कोमात्सु नावाचा. करडा, पॉलिश केल्यावर हिरवट झाक येणारा. एदोच्या किल्ल्याच्या तटबंदीसाठी तो इथून जहाजांनी गेला. या बाजूला इतिहास त्याहूनही मागे जातो. ११८० साली इशिबाशीयामाच्या लढाईत हरलेला मिनामोतो योरितोमो इथल्या गुहेत लपल्याचे सांगतात आणि जवळच्या इवा किनाऱ्यावरून होडीने पलीकडच्या आवा प्रदेशात निसटला. बारा वर्षांनी तो शोगुन झाला.

या पाणंदी अशा का राहिल्या, याचे उत्तर १९८७ साली सुरू होते. त्या वर्षी जपानने विश्रामस्थळांच्या विकासाचा कायदा केला. जमिनीचे भाव फुगले होते, बँका कर्ज देत होत्या, आणि टोकियोपासून दीड तासावर समुद्र दिसणारी टेकडी म्हणजे सोन्याची खाण वाटत होती. जवळच्या अतामीच्या उतारावर उंच इमारती आधीच उभ्या होत्या. बिल्डरांचे प्रस्ताव मानाझुरूकडे वळले. हजारांत लोकसंख्या असलेल्या गावात एकेक इमारत शेकडो घरांची.

गावाच्या हातात कायदेशीर शस्त्र फारसे नव्हते. बांधकामाचे नियम देशपातळीवर ठरत. नियमात बसणाऱ्या इमारतीला नकार देणे अवघड. पण मानाझुरूला एक जुने दुखणे होते. पाणी कमी. नदी म्हणावी अशी नाही, द्वीपकल्पावर पडलेला पाऊस लगेच समुद्रात जातो. १९९० साली मिकी कुनियुकी विकासविरोधी भूमिकेवर नगराध्यक्ष म्हणून निवडून आले आणि त्याच वर्षी गावाने मोठ्या नव्या बांधकामांना पाणीपुरवठा मर्यादित करणारा नियम केला. जमिनीखालचे पाणी उपसण्यावरही बंधन घातले. तुम्ही इमारत बांधा, पण नळाला पाणी येणार नाही. टंचाईचा असा उपयोग क्वचितच कुणी केला असेल.

नकार देऊन झाल्यावर प्रश्न उरला: मग हवे काय? त्यासाठी वकील इगाराशी ताकायोशी, नगररचनाकार नोगुची काझुओ आणि वास्तुविशारद इकेगामी शुइची गावाबरोबर बसले. त्यांच्यापुढे वास्तुविशारद क्रिस्टोफर अलेक्झांडर यांचे १९७७चे पुस्तक होते, ज्यात माणसांना सुखाची वाटणारी घरे, गल्ल्या, चौक कशाने बनतात याचे २५३ नमुने मांडलेले आहेत. अलेक्झांडर तरुणपणी, १९६०च्या दशकाच्या आरंभी, गुजरातेतल्या एका खेड्यात राहून काम करून गेले होते, आणि त्यांच्या १९६४च्या पहिल्या मोठ्या ग्रंथात भारतीय खेड्याची मांडणी हे सविस्तर उदाहरण आहे. मानाझुरूच्या गल्लीत उभे राहून हे आठवले की भारतीय वाचकाला थोडी चुटपुट लागते.

१९९३ साली मानाझुरूने नगररचनेचा आपला नियम मंजूर केला आणि त्याचा भाग म्हणून एक पुस्तिका काढली. नाव ‘सौंदर्याचा निकष’. तिच्यात जागा, प्रतवारी, प्रमाण, मेळ, साहित्य, सजावट, समुदाय आणि दृश्य अशी आठ तत्त्वे, आणि त्यांखाली ६९ कलमे. नगरपालिकेच्या नियमावलीत आपण काय अपेक्षा ठेवतो? कमाल उंची, कडेची मोकळी जागा, चटईक्षेत्र. इथे भाषाच वेगळी. मागच्या दारांची शांतता राहू द्या. फळे येणारी झाडे लावा. चार माणसे सहज थांबतील असे कोपरे सोडा. पवित्र जागा ओळखा आणि त्यांना मान द्या. छपरे उतरती असू द्या. समुद्राला हात लागेल अशा जागा ठेवा. प्रत्येक कलमासोबत गावातलेच एखादे चित्र, म्हणजे कुणाला वाचून समजले नाही तरी जाऊन बघता येईल.

हसू येण्यासारखी गोष्ट आहे. शांततेचे माप काय? फळझाड लावले नाही तर दंड किती? पण पुस्तिकेचे काम माप देण्याचे नव्हतेच. बांधकाम करू इच्छिणाऱ्याने आधी नगरपालिकेशी आणि शेजाऱ्यांशी बोलायचे, निकषांवरून आराखडा समजावून द्यायचा, एकमत झाले नाही तर जाहीर सुनावणी. आकड्यांचा नियम एकदा पाळला की माणूस मोकळा होतो. या नियमात वाटाघाटीला सुरुवात होते. बांधणाऱ्याला उत्तर द्यावे लागते आणि शेजाऱ्यालाही नुसते नको म्हणून चालत नाही, काय हवे ते सांगावे लागते. १९९४ साली नगरपालिकेने स्वतःच ‘कम्युनिटी मानाझुरू’ ही सार्वजनिक वास्तू या निकषांनुसार बांधली. छोटी, अंगण असलेली, गावच्या दगडाची. देशपातळीवर भूदृश्याचा कायदा यायला २००४ साल उजाडले. तोवर मानाझुरूचा दाखला नगररचनेच्या वर्गांत शिकवला जाऊ लागला होता.

इथेच थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण ती अपुरी राहील. १९७०च्या आसपास दहा हजारांवर असलेली मानाझुरूची लोकसंख्या आता सात हजारांच्या खाली आली आहे. पाचांतली किमान दोन माणसे पासष्टीच्या पुढची. २०१७ साली सरकारने मानाझुरूला लोकसंख्या ओसरलेल्या गावांच्या यादीत टाकले. कानागावा प्रांतातले असे हे पहिलेच गाव. पाणंदीतून चालताना बंद घरे दिसतात. गडगा शाबूत, संत्र्याचे झाड लगडलेले आणि फळे खाली सडलेली. अरुंद गल्लीत मोटार जात नाही, रुग्णवाहिकाही नाही, आणि ऐंशीच्या पुढच्या माणसाला पायऱ्या चढून घरी जाणे म्हणजे रोजची शिक्षा. जी गोष्ट पाहुण्याला रमणीय वाटते तीच इथल्या सुनेला घर सोडायला लावते.

जुलैच्या २७ आणि २८ तारखांना किबुने देवळाचा उत्सव असतो. देवाची पालखी होडीतून बंदर ओलांडते, सजवलेल्या होड्या, वल्हेकरी, गाणी, ढोल. १९९६ साली त्याला राष्ट्रीय लोकसांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. दर्जा सरकार देते; पालखी उचलायला आणि वल्ही मारायला तरुण हात गावालाच शोधावे लागतात.

मग इमारती होऊ दिल्या असत्या तर गाव भरले असते का? त्याचे उत्तर निइगाता प्रांतातल्या युझावाने देऊन ठेवले आहे. तिथे त्याच तेजीत बर्फात घसरायला येणाऱ्यांसाठी उंच इमारतींची रांग लागली. तेजी फुटल्यावर त्यातली कित्येक घरे कवडीमोलाने विकायला निघाली, देखभालीचा खर्च मात्र तसाच. सुट्टीचे घर घेणारा माणूस गावात राहायला येत नाही. मानाझुरूने इमारती नाकारल्यामुळे माणसे गेली असे म्हणता येत नाही. नाकारल्यामुळे थांबली असेही नाही. सौंदर्य राखले की रोजगार आपोआप येतो, हा समज मात्र इथे खोटा ठरतो.

तरी अलीकडे थोडे उलटे पाणी वाहू लागले आहे. शहरातून काही तरुण जोडपी येऊन जुनी घरे घेतात. एका छोट्या प्रकाशनसंस्थेने तर पुस्तके काढण्याबरोबर पाहुण्यांना राहायला खोल्याही ठेवल्या आहेत. संख्या लहान आहे. पण या माणसांना इथे आणणारी गोष्ट त्या ६९ कलमांतलीच आहे, हे त्यांच्या घरांच्या पत्त्यांवरून कळते. ती घरे पाणंदीतच आहेत.

या सगळ्या हिशेबात एका दिवसाच्या पाहुण्याची जागा कुठे? तो जंगल फुकट पाहतो, समुद्र फुकट पाहतो, शांतता तर फुकटच. तीन शतकांची लागवड, नळाचे पाणी रोखण्याचा निर्णय, गल्लीत मोटार न नेण्याची रोजची गैरसोय, यांचे बिल गावाच्या नावावर फाटते. पाहुण्याने निदान काही पथ्ये पाळावीत. डबा न नेता बंदरावर जेवावे, संग्रहालयाचे तिकीट काढावे, पाणंदीत आवाज खाली ठेवावा कारण ते कुणाचे तरी मागचे दार आहे, आणि परतताना सुके मासे विकत घ्यावेत. जमले तर एक रात्र राहावे. तेवढे जमत नसेल तर निदान दुपारची गाडी सोडून संध्याकाळची धरावी, म्हणजे दुसरा चहाही गावातच होतो.